पोलिओचा डबा आणि रत्नपालभाऊंचं इंजेक्शन

मित्रांनो, पोलिओच्या रविवारी तुमच्या गल्लीत जे निळे डबे फिरतात ना, ते माझे धाकटे भाऊ. मी त्यांच्यातला थोरला, एक जुना लसीचा डबा. उन्हाने माझा निळा रंग पांढुरका झाला आहे, खांद्याला अडकवायचा पट्टा दोनदा बदलला आहे आणि झाकणाला एक तडा आहे. एवढं सोडलं तर माझी तब्येत उत्तम आहे.

माझा जन्म १९९५ साली प्लास्टिकच्या एका कारखान्यात झाला. मला दोन कातड्या आहेत, एक बाहेरची आणि एक आतली. दोन्हींच्या मध्ये दोन बोटं जाडीचा घट्ट फेस आहे. त्या फेसात हवेचे लाखो बारीक बुडबुडे अडकलेले आहेत, आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी वाट देत नाही. माझ्या पोटात चार बाजूंना बर्फाच्या चार चपट्या बाटल्या उभ्या राहतात. त्यांना सगळे आइसपॅक म्हणतात. मधल्या चौकोनात औषध ठेवायचं. झाकण उघडलं नाही, तर बाहेर चाळीस अंश ऊन असलं तरी मी एक दिवस आणि एक रात्र बर्फ टिकवतो. ही बढाई नाही. कारखान्यात घड्याळ लावून माझी परीक्षा घेतली होती.

त्याच वर्षी पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली आणि मी शिरड शहापूरला आलो. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता. माझ्या बुडाशी अजून पुसट अक्षरांत 'जि. परभणी' लिहिलेलं आहे. उपकेंद्राच्या सिस्टर जनकाबाईंनी मला अंगणवाडीच्या मदतनीस पद्माबाईंच्या खांद्यावर दिलं, आणि पुढची अकरा वर्षं मी त्या खांद्यावरून फारसा उतरलो नाही.

पद्माबाई शिकलेल्या सातवीपर्यंत, पण कामाला चोख. प्रशिक्षणात सांगितलेली एकही गोष्ट त्या विसरल्या नाहीत. पोलिओच्या बाटलीवर एक लहानसा चौकोन असे. औषध तापलं की तो काळा पडे आणि ती बाटली बाजूला काढायची. थंडीसाठी मात्र कसलीच खूण नव्हती, कारण पोलिओच्या थेंबांना थंडीची भीतीच नाही. ते दगडासारखे गोठोत, पुन्हा वितळोत, त्यांचं काही बिघडत नाही. म्हणून पद्माबाई मला भरताना दर वेळी एकच गोष्ट पुटपुटत: "बर्फ कडक, झाकण बंद, काम फत्ते." हे ऐकून ऐकून माझाही तोच मंत्र झाला. जितकी थंडी जास्त तितकं औषध सुरक्षित, याविषयी मला तिळमात्र शंका उरली नाही.

जवळा बाजारला आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा आम्ही पिंपळाखाली टेबल मांडलं होतं. संध्याकाळी तालुक्याचे साहेब आले, त्यांनी माझं झाकण उघडून आत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. दिवसभराच्या उन्हानंतरही बर्फ कडक होता. त्यांनी सगळ्यांसमोर पद्माबाईंचं नाव घेतलं. घरी जाताना पद्माबाईंनी पदराने माझी धूळ पुसली. इतर लसींसाठी सिस्टरांचा वेगळा डबा होता. तो त्या स्वतःच भरत. तो कसा भरतात हे मी कधी पाहिलं नाही, आणि पाहावं असं मला वाटलंही नाही.

२००६ साली मी चालत्या जीपमधून पडलो. झाकणाला तडा गेला आणि माझ्या जागी नवा डबा आला. मला उपकेंद्राच्या कपाटावर ठेवलं. दोन वर्षं माझ्या पोटात जुनी पोस्टरं होती, थंडी नव्हती. तडा बाहेरच्याच कातडीला होता, आतला फेस शाबूत होता, हे मला माहीत होतं. पण विचारतो कोण?

विचारलं ते पद्माबाईंनीच. २००८ चा एप्रिल लागला होता. त्या आल्या, मला खाली उतरवलं, झाकण दाबून पाहिलं आणि सिस्टरांना म्हणाल्या की टाकून द्यायचाच असेल तर हा मला द्या. त्यांच्या घरी गेल्यावर मला सगळी हकीकत कळली.

त्यांचे पती रत्नपालभाऊ एसटीचे ड्रायव्हर. बावीस वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडासुद्धा गेला नव्हता. पण वजन एकशे दोन किलो, आणि सहा वर्षांपासून साखरेचा आजार. गोळ्या चालू होत्या, तरी जानेवारीत उपाशीपोटीची साखर दोनशे दहा. जूनमध्ये त्यांची वैद्यकीय तपासणी होती. साखर अशीच राहिली तर स्टेअरिंग सुटणार आणि आगारात बसून काम करावं लागणार, हे त्यांना ठाऊक होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. इन्सुलिन घेता येईल, पण त्याने कधीकधी साखर अचानक फार खाली जाते. घरी असताना साखर खाऊन सावरता येतं; पन्नास माणसं मागे बसलेली असताना ते कसं जमणार? दुसरी वाट नवी होती. तेही इंजेक्शनच, दिवसातून दोनदा, जेवणाआधी, पेनसारख्या एका नळीतून पोटाच्या कातडीत टोचायचं.

हे औषध काय आहे, ते रत्नपालभाऊंनी डॉक्टरांना नीट विचारून घेतलं होतं. आपण जेवलो की आतड्यातून एक संप्रेरक रक्तात उतरतं. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाने दुसऱ्याला धाडलेला निरोप. हा निरोप स्वादुपिंडाला सांगतो, साखर आली, इन्सुलिन सोड. जठराला सांगतो, सावकाश. मेंदूला सांगतो, आता पुरे. अडचण एवढीच की हा निरोप दोन मिनिटांत विरून जातो. मग अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या लाळेत शास्त्रज्ञांना अगदी तसाच पदार्थ सापडला, आणि तो तासन्‌तास टिकत होता. त्याची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत तयार केली, तेच हे औषध. साखर वाढलेली असेल तेव्हाच ते इन्सुलिन सोडायला लावतं, म्हणून त्यांच्या चालू होत्या त्या गोळ्यांसोबत घेतलं तर साखर घसरून पडायची भीती फार कमी.

सरड्याची गोष्ट रत्नपालभाऊंनी त्यांचे कंडक्टर नेमसिंग यांना सांगितली, ही चूकच झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या आगाराला माहीत होतं. नेमसिंग म्हणाले, "वस्ताद, सरड्याचं औषध घेऊन राहिले, पण रंग बदलू नका. खाकी हाय तेच बरं."

फेब्रुवारी-मार्चमध्ये औषधाने काम दाखवलं. पहिले पंधरा दिवस मळमळ झाली, मग ती गेली. पूर्वी तीन भाकरी खाणारे रत्नपालभाऊ दीड भाकरीवर हात धुऊ लागले. उरलेली दीड नेमसिंग संपवत आणि तक्रारही करत की या औषधानं तुमचं वजन उतरून राहिलं अन्‌ माझं चढून राहिलं. वजन सत्त्याण्णववर आलं, साखर एकशे चाळीसवर. तेव्हा हवा गार होती. पेन घरी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलं तरी भागत होतं. एप्रिलमध्ये पारा बेचाळीसवर गेला. बारा-बारा तास वीज नसायची, आणि ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनाचं झाकण तव्यासारखं तापायचं. औषध तिथे कसं टिकणार? म्हणून पद्माबाईंना माझी आठवण झाली.

मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. दोन वर्षांनी माझ्या पोटात बर्फ आला! स्टँडवरच्या पुनमचंद यांच्या दुकानात आइस्क्रीमचा फ्रीजर होता आणि वीज गेली की तो जनरेटरवर चाले. पद्माबाई रोज पहाटे तिथून दगडासारखे चार आइसपॅक आणत, माझ्या चारी बाजूंना ठोकून बसवत, मधल्या फटीत पेन खोचत आणि झाकण दाबून म्हणत, "बर्फ कडक, झाकण बंद, काम फत्ते." मग मी रत्नपालभाऊंच्या सीटमागे बसून औंढ्यावरून नांदेडला जाई. संध्याकाळचं इंजेक्शन घ्यायची वेळ झाली की ते पेन काढून तळहातात धरून बसत, कारण थंडगार औषध टोचलं की आग होते. कधी पेनचं बटण अडे. मग ते अजून थोडा वेळ धरत. बाहेर बेचाळीस, माझ्या पोटात शून्याच्याही खाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

पण महिना उलटायच्या आत रत्नपालभाऊंची भूक परत आली. आधी दोन भाकऱ्या, मग तीन. एका दुपारी त्यांनी स्वतःचा डबा संपवून नेमसिंग यांचा उघडला. नेमसिंग काही बोलले नाहीत, आणि नेमसिंग बोलत नाहीत म्हणजे गोष्ट गंभीर आहे, हे मलासुद्धा कळलं. मे महिन्याच्या दहा तारखेला तपासलं तर साखर दोनशे सव्वीस.

त्या संध्याकाळी घरात वाद झाला. रत्नपालभाऊ बाहेर चोरून खातात, अशी पद्माबाईंची खात्री झाली होती. भाऊंनी लेकीची शपथ घेतली. तरी पद्माबाई म्हणाल्या, "मंग साखर काय आभाळातून पडून राहिली?"

रत्नपालभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "औषधाचा असर गेला, पद्मा. अंगाला सवय झाली त्याची. जूनमदी गाडी सुटते माझी. बावीस वर्षं रस्ता पाह्यला, आता भिंत पाहीन."

पद्माबाई रात्रभर विचार करत असाव्यात, कारण सकाळी त्यांनी मनाशी काही ठरवलेलं दिसलं. नवरा चोरून खात नसेल, तर दोष औषधाचा. औषध बिघडलं असेल, तर ते तापल्यामुळेच. मग आणखी थंडी हवी. त्यांनी रिकाम्या फटींत बर्फाचा चुरा भरला. दुपारी नांदेडला पोचल्यावर आइसपॅक बदलून घ्यायलाही सांगितलं. नवीन पेन आणलं होतं, तेही तसंच त्या बर्फात खोचलं. ते औषध महाग होतं, आणि त्या पेनसाठी लेकीची, राणीची, कॉलेजची सायकल पुढच्या वर्षावर गेली होती. आणि मी? मी ती थंडी जीव तोडून सांभाळली. पेन माझ्या पोटात रोज गोठत होतं, आणि मी खुशीत होतो.

तीन दिवसांनी जनकाबाई सिस्टर गावातल्या तान्ह्या लेकरांची यादी करत त्यांच्या दारी आल्या. रत्नपालभाऊंची त्या दिवशी सुट्टी होती. मला उंबऱ्याशी पाहून सिस्टरांना हसू आलं, हा म्हातारा अजून नोकरीत आहे का म्हणून. त्यांनी सहज झाकण उघडलं. एक आइसपॅक काढला, कानाशी नेला आणि हलवला. आवाज आला नाही. मग त्यांनी पेन बाहेर काढलं. त्यावर पांढरं दव साचून कडक झालं होतं.

सिस्टरांचं हसू गेलं. "पद्मा, हे कव्हापासून असं भरून राहिली तू?"

"पहिल्या दिसापासून," पद्माबाई अभिमानाने म्हणाल्या. "बराबर पोलिओवानी. काहून?"

सिस्टर उंबऱ्यावरच बसल्या. मग त्यांनी हळू आवाजात समजावून सांगितलं. त्यांच्या डब्यातली धनुर्वाताची लस गोठली की ती फेकून द्यावी लागते. त्यासाठी त्या आइसपॅक आधी बाहेर काढून ठेवतात. त्याला घाम फुटला आणि हलवल्यावर आत पाणी खळखळलं, तरच तो डब्यात घालतात. हे औषधही तसलंच असणार. त्यांनी पेनचं खोकं मागून घेतलं आणि त्यावरच्या बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवलं. गोठवू नका, गोठलेलं वापरू नका. अडीच महिने ते खोकं देवळीत पडून होतं, आणि कुणी त्यावर नजर टाकली नव्हती. गोठलेलं औषध वितळल्यावर पुन्हा पाण्यासारखंच नितळ दिसायचं. मग संशय यावा तरी कशावरून?

डॉक्टरांनी फोनवर जे सांगितलं ते मी नंतर ऐकलं. हे औषध म्हणजे एकोणचाळीस दुव्यांची एक नाजूक साखळी. पाण्याचा बर्फ होताना तिची मोडतोड होऊ शकते, आणि मग तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. शिवाय गोठण्याने नळीत हवेचे बुडबुडे होतात आणि मात्रा चुकते. पोलिओच्या थेंबांचं तसं नाही. त्यांची जात वेगळी. मी मात्र अकरा वर्षांचा अनुभव घेऊन बसलो होतो, आणि दोघांना एकाच मापाने थंड करत होतो.

फोन व्हायच्या आधी घरात जे घडलं ते मात्र मी प्रत्यक्ष पाहिलं. सिस्टर गेल्या. पद्माबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. गावात त्यांच्या बर्फाचा दाखला देत, आणि त्याच बर्फाने घात केला होता. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. औषधच खराब निघालं, असं म्हणायला वाव होता. त्या वळल्या आणि नवऱ्याच्या समोर येऊन म्हणाल्या, "तुमी चोरून न्हाई खाल्लं. औषध मीच मारलं."

रत्नपालभाऊंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "दहा-अकरा वर्षं गावच्या लेकराचं औषध जपलं तू," ते म्हणाले. "माझंच तेवढं सापडलं व्हय तुला?"

पद्माबाई रडता रडता हसल्या. मग भाऊ चपला घालून पुनमचंद यांच्या दुकानात फोन करायला गेले.

डॉक्टर रागावले नाहीत. गोठलेली दोन्ही पेनं फेका, नवं आणा आणि पुन्हा लहान मात्रेपासून सुरू करा, असं ते म्हणाले. तपासणीला एक महिना होता. तेवढ्यात साखर उतरली तर ठीक. नाही उतरली तर इन्सुलिन घ्यावंच लागेल आणि लांबच्या गाडीचा विचार सोडावा लागेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून मला नव्या पद्धतीने भरू लागले. चारऐवजी दोनच आइसपॅक. तेही अर्धा तास ओट्यावर ठेवलेले, घामाने डबडबलेले, कानाशी खळखळणारे, आणि वर सुती फडकं गुंडाळलेलं. पेन साबणाच्या डबीत, बर्फापासून लांब. सिस्टरांनी एक जुना गोल तापमापक दिला. चालू असलेल्या पेनला पंचवीस अंशांच्या खाली ठेवलं की पुरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि माझ्या पोटात काटा अठराच्या आसपास राही. खरं सांगू? पहिले दोन दिवस मला अपमान वाटला. अठरा अंश! मी काय पाण्याची सुरई आहे? पण तिसऱ्या आठवड्यात नेमसिंग यांना पुन्हा दीड भाकरी जास्तीची मिळू लागली, आणि त्यांचं तोंड पुन्हा सुरू झालं. तेव्हा अठरा अंश मला चांगले वाटायला लागले. रत्नपालभाऊ रोज पहाटे नाल्याच्या पुलापर्यंत चालायला जाऊ लागले. औषध निरोप देतं, पाय आपलेच हलवावे लागतात, असं डॉक्टर म्हणाले होते.

तपासणी जूनच्या बारा तारखेला होती. पद्माबाई सोबत आल्या. मला मांडीवर घेऊन त्या दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. रत्नपालभाऊ उपाशीपोटी आत गेले. आधी रक्त, मग डोळे, मग वजन, मग पुन्हा बसून राहणं. दहा वाजले, अकरा वाजले. पद्माबाईंचे दोन्ही हात माझ्या झाकणावर होते, आणि माझा काटा अठरावरून वीसवर गेला तो त्या हातांच्या उबेने की उन्हाने, ते मला सांगता येणार नाही. शेजारच्या बाईंनी डब्यात काय आहे म्हणून विचारलं. पद्माबाईंनी दाराकडे पाहतच झाकण आणखी घट्ट दाबलं.

बाराच्या सुमारास रत्नपालभाऊ बाहेर आले. हातात घडी घातलेला कागद होता. तो त्यांनी उघडून दाखवला नाही. टोपी डोक्यावर नीट बसवली आणि हात पुढे केला.

"डबा दे इकडं. दोनची नांदेड लावायची हाय."

पद्माबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं आणि बाकावरून उठायचं विसरूनच गेल्या. कागदावरचे आकडे मी सीटमागे बसून वाचले. साखर एकशे चौतीस. वजन शहाण्णव. नजर ठीक. खाली शिक्का आणि एकच शब्द: पात्र.

मित्रांनो, मी आजही त्या गाडीवर आहे. माझ्या अंगात पूर्वीइतकीच ताकद आहे. कडक बर्फ भरा, मी तो उद्यापर्यंत कडक ठेवून दाखवीन. फक्त आता मला ठाऊक आहे की माझ्या पोटात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तेवढी थंडी सोसत नाही. तुमच्या घरात आजीचं, आजोबांचं, कुणाचंही असं इंजेक्शन असेल, तर ते कुठे आणि कसं ठेवायचं हे नीट विचारून घ्या. पद्माबाई आता कोणतंही नवं औषध घेताना दुकानदाराला दोन प्रश्न विचारतात. तापलं तर काय होईल? आणि गोठलं तर काय होईल? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याचं मिळेपर्यंत त्या दुकानातून हलत नाहीत, मागे कितीही रांग लागो. तुम्हीही हलू नका.